दोन विषयांत काम करणाऱ्या संशोधकाची फेलोशिप

प्रति,
अध्यक्ष, विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली

विषय : आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी स्वतंत्र अधिछात्रवृत्ती

महाराष्ट्रातल्या दुष्काळांचा इतिहास लिहायचा तर दोन प्रकारचे पुरावे लागतात. एक कागदावरचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी रुमालांत साऱ्यात दिलेली सूट, तगाई, धान्याचे भाव, गाव सोडून गेलेली कुळे यांच्या नोंदी आहेत. दुसरा पुरावा निसर्गात साठलेला आहे : सागाच्या खोडातली वार्षिक वलये, गुहांतले चुन्याचे थर. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेत अशा वलयांवरून जुन्या पावसाचा मागोवा घेण्याचे काम झालेले आहे. दफ्तर आणि ही संस्था एकाच शहरात आहेत. मोडी वाचणारा आणि वलये मोजणारा मात्र सहसा एकच माणूस नसतो. तो तसा घडावा यासाठी तरुण वयात जी आर्थिक निश्चिंती लागते, ती देणारी देशातली सर्वांत मोठी व्यवस्था म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजेच जेआरएफ. तिची रचना एका विषयाभोवती आहे.

ही रचना प्रवेशापासूनच दिसते. नेट परीक्षेत पहिली पत्रिका 100 गुणांची आणि सर्वांना समान, दुसरी 200 गुणांची आणि एकाच विषयाची. उमेदवाराने पदव्युत्तर पदवीच्या विषयातच बसावे, अशी सूचना असते. मूलभूत विज्ञानांसाठी सीएसआयआरची परीक्षा वेगळी. आयोगाच्या यादीत आज 80 हून अधिक विषय आहेत आणि त्यांत पर्यावरणशास्त्र, स्त्री अभ्यास यांसारखे मुळातच अनेक शाखांतून उगवलेले विषयही आहेत. पण यादी लांबवून मूळ अडचण सुटत नाही. नवा विषय यादीत गेला की त्याचाही अभ्यासक्रम आखला जातो, त्याचेही प्रश्नसंच निघतात आणि काही वर्षांत त्याचीही कुंपणे उभी राहतात. संशोधकाला हवी असते दोन शाखांमधली ये-जा. नव्या शाखेचे नाव मिळाल्याने ती होत नाही.

अशी ये-जा या प्रदेशाला नवी नाही. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (1907–1966) नोकरीने गणिताचे अध्यापक. नाणी हाताळताना झिजतात, त्यामुळे जितका काळ नाणे चलनात राहते तितके त्याचे वजन घटते आणि एकाच प्रकारच्या नाण्यांच्या वजनांतला फरकही वाढतो. हे संख्याशास्त्रीय तत्त्व वापरून त्यांनी आहत नाण्यांच्या गटांचा कालानुक्रम शोधला. 1944 मध्ये त्यांनी मांडलेले गुणसूत्रांवरील अंतराचे सूत्र आनुवंशिकीत अजून त्यांच्याच नावाने वापरले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांचीच आणि 1956 चा भारतीय इतिहासावरचा ग्रंथही त्यांचाच. गणिताच्या पगारावर नाण्यांचा अभ्यास चालू शकला, हे या कामामागचे साधे भौतिक कारण. आजच्या पंचविशीतल्या संशोधकाला तो पगार नसतो, आणि जी फेलोशिप मिळते ती विषयाला बांधलेली असते.

दुसरे उदाहरण समूहाचे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. जळालेले धान्य, जनावरांची हाडे, माणसांचे सांगाडे हे सारे त्या त्या जाणकारांनी तपासले. म्हणूनच पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांना ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या ऱ्हासाचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडता आला. हा निष्कर्ष एका खोलीत बसून निघालाच नसता.

आयोगाने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2016 च्या पीएच.डी. विनियमांनी आंतरविद्याशाखीय प्रबंधासाठी विभागाबाहेरचा सहमार्गदर्शक घेण्याची मुभा दिली. 2018 च्या विनियमांत संयुक्त मार्गदर्शनाचे गुण दोघांनाही प्रत्येकी 7 मिळतील, अशी तरतूद आहे. जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या अध्यापक भरतीच्या मसुद्यात, आधीच्या पदव्या वेगळ्या असल्या तरी पीएच.डी. किंवा नेट ज्या विषयात झाली तो विषय शिकवता यावा, असा विचार मांडला गेला. ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे. वेगळ्या वाटेने पीएच.डी. केलेल्या उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद होण्याची भीती असेल, तर हुशार विद्यार्थी ती वाट पहिल्याच वर्षी सोडतो.

फेलोशिप मात्र मागे राहिली. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफची रक्कम दरमहा 37,000 रुपये आणि वरिष्ठ टप्प्यावर 42,000 रुपये झाली. ही वाढ आवश्यकच होती. अडते ते कंटिन्जन्सीच्या रकमेपाशी. पहिल्या दोन वर्षांत विज्ञानाला वार्षिक 12,000 रुपये, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना 10,000. यात प्रयोगशाळेतली एखादी कालमापन चाचणी, पुण्याबाहेरचा मुक्काम आणि दस्तऐवजांच्या प्रती एवढे बसवायचे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला चाचणीचा खर्च पडू शकतो, हे या वर्गवारीने गृहीतच धरलेले नाही. वयाचीही अट आहे. जेआरएफसाठी मर्यादा 30 वर्षे, महिला आणि राखीव प्रवर्गांना सवलत. दुसरी विद्या शिकायला आणखी एक पदवी घेतली की ही मर्यादा जवळ येते, आणि खेड्यातून उशिरा शिक्षणाला लागलेल्या मुलाची वाट तिथेच बंद होते.

यावर उपाय म्हणून आयोगाने वेगळी अधिछात्रवृत्ती सुरू करणे योग्य ठरेल. नेटचे गुण तिच्यासाठी पात्रतेपुरते असावेत. निवड संशोधनाच्या आराखड्यावर आणि प्रत्यक्ष मुलाखतीवर व्हावी, आणि मुलाखत मंडळात दोन्ही शाखांचे जाणकार असावेत. एकाच शाखेचे परीक्षक आपल्या शाखेतल्या उणिवा अचूक पाहतात, पण दुसऱ्या बाजूने आलेली भर त्यांच्या नजरेतून निसटते. पहिले वर्ष दुसरी विद्या शिकण्यासाठी राखून ठेवावे आणि ते पाच वर्षांच्या मुदतीत न धरता वर द्यावे. मोडी वाचायला लागणारा वेळ कमी करता येत नाही, तसाच संख्याशास्त्राचाही नाही. दोन मार्गदर्शकांपैकी एकाचे नाव केवळ कागदावर राहू नये, म्हणून विद्यार्थ्याने दर वर्षी ठरावीक महिने दुसऱ्या संस्थेत काढावेत आणि त्या संस्थेलाही खर्चाचा वाटा मिळावा. कंटिन्जन्सी विषयाच्या नावावरून न देता मंजूर आराखड्यावरून द्यावी.

2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या उद्दिष्टांत विज्ञान आणि मानव्यविद्या यांना जोडणाऱ्या कामाचाही समावेश आहे. त्यामुळे प्रयोगशाळेच्या खर्चात त्या प्रतिष्ठानचा सहभाग मागता येईल. सुरुवात थोड्या जागांनी झाली तरी चालेल. दोन वर्षांनी जेआरएफमधून वरिष्ठ टप्प्यावर जाताना होणारे मूल्यमापनही दोन्ही शाखांच्या समितीनेच करावे. नाहीतर निवडीच्या वेळी दिलेली मोकळीक नेमकी त्या टप्प्यावर काढून घेतली जाईल.