यंत्रालाही शिवाशिव कळते

यंत्राला जात नसते असं म्हणणाऱ्यांना मला आधी लातूरची एक खोली दाखवायचीय.

मी नांदेडचा. धाकट्या भावाला लातूरला नीटच्या क्लासला घातलं, म्हणून खोली शोधत होतो. मोबाईलवर फोटो आले. पंखा, पलंग, भाडं, सगळं पसंत. मालक 'भाऊ, भाऊ' करत होता. मग म्हणाला, पोराचं आधार कार्ड धाडा. धाडलं. दोन निळ्या खुणा उमटल्या अन् खोली गेली! 'आमचेच पाहुणे राहायला यायलेत' म्हणे. त्यानं आम्हाला पाहिलं नाही, आम्ही त्याच्या उंबऱ्याला शिवलो नाही. नुसतं आडनाव शिवलं. तेवढ्यानं बाटला साला!

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकानं १९०९ साली 'द मशीन स्टॉप्स' ही कथा लिहिली. माणसं जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात. गोल तबकडीवर दूरच्या माणसाचा चेहरा दिसतो, आवाज येतो. बटण दाबलं की जेवण, कपडे, गाणं हजर. कुणी कुणाकडं जात नाही. २०२० च्या टाळेबंदीत शिकल्यासवरल्यांनी या कथेचा उदो उदो केला. काय द्रष्टा माणूस! ऑनलाईन जग आधीच पाहिलं!

त्यांना तबकडी दिसली, हात दिसला नाही. त्याच कथेत हवाई जहाजात एक बाई तोल जाऊन पडायला लागते. सेविका हात देऊन सावरते. बाई भडकते, हात लावायची हिंमत कशी झाली म्हणून. अन् सेविकाच माफी मागते, तुम्हाला पडू दिलं नाही याबद्दल! त्या जगात माणूस माणसाला शिवतच नाही.

अरे, हे भविष्य? हा तर आमचा भूतकाळ! फॉर्स्टर पुढं १९२१ साली देवासच्या मराठा संस्थानात महाराजांचा खाजगी सचिव होता. पण ही कथा त्यानं हिंदुस्थानात पाऊल टाकण्याआधीच लिहिली. त्याला जे कल्पनेनं रचावं लागलं, ते इथं पाणवठ्या-पाणवठ्यावर बिनबटणाचं, बिनविजेचं चालू होतं. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले ते काय उगीच?

आता मराठी विज्ञानकथा बघा. १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं. आपल्या नावाचा परीक्षकांवर दाब नको, हा त्यांचा सच्चेपणा. मला आदर आहे. पण नाव झाकण्याच्या तऱ्हा दोन. त्यांनी झाकलं ते नावाला वजन होतं म्हणून. आमचं पोरगं मोबाईलवर आडनाव गाळतं ते मार चुकवायला. मे २०१५ मध्ये शिर्डीत भीमगीताच्या रिंगटोनवरून एका दलित पोराचा खून पडला. यंत्र त्याच्याच खिशात होतं. वाचवलं का त्यानं?

यंत्र गावकूस पाडत नाही. गावकूस बांधणारेच यंत्रात शिरतात. पूर्वी विटाळ व्हायला सावली पडावी लागायची, आता आधार कार्डाचा फोटो पुरतो.

मग काय, मोबाईल गोदावरीत फेकायचा? मुळीच नाही. कथेचा शेवट वाचा. त्या जगातली सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे बेघर करणं, वर जमिनीवर मरायला सोडणं. शेवटी यंत्र बंद पडतं. आतले मरतात. अन् बाहेर टाकलेले जिवंत असतात! गावकुसाबाहेर जगायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवू नये.

१९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, तर याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंचा जीव घेतला. १९९४ साली नाव लागलंच. नावासाठी मेलेल्यांची आपण पोरं, अन् स्क्रीनवर आडनाव गाळून हिंडायचं?

भाऊ विचारत होता, 'दादा, पुढच्या खेपेला आडनाव झाकू का?'

म्हणलं, नाही. पूर्ण नाव टाक. अन् उद्या आपण लातूरला पायी हिंडू, दारं वाजवू. ज्याला बाटायचंय, त्यानं आपल्या तोंडावर बाटावं.