लोकलच तर आहे!

मोठं ऑपरेशन ठरलं की आमच्या नात्यागोत्यातले सगळे मला फोन करतात. भूल कोण देणार, शुद्ध नक्की येईल ना, दम्याचा त्रास आहे तर चालेल का... मी भूलतज्ज्ञ असल्याचा घराला तेवढाच उपयोग! पण दाढ काढायची असली, पाठीवरची चरबीची गाठ काढायची असली, टकलावर केस लावून घ्यायचे असले, तर फोन येत नाही. नंतर कधीतरी लग्नाकार्यात कळतं. का नाही विचारलंस म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "अगं, लोकलच तर होतं!"

पेशंटने असं म्हणावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हेच वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकते तेव्हा मात्र डोकं फिरतं. आज त्यावरच लिहिणार आहे आणि जरा कडू लिहिणार आहे. व्यवसायबंधूंनी राग मानायचा तर खुशाल मानावा.

मुळात 'लोकल' हे नाव परिणामाचं आहे, औषधाचं नव्हे. बधिरपणा जागेपुरता असतो, औषध जागेपुरतं राहत नाही. ते रक्तात जातंच, प्रश्न फक्त किती आणि किती वेगाने एवढाच. ही औषधं करतात काय, तर नसांमध्ये सोडियमचे कण आत येण्याची जी दारं असतात ती अडवून धरतात. दार बंद, म्हणून दुखण्याचा निरोप पुढे जात नाही. पण तशीच दारं मेंदूत आहेत आणि हृदयातही आहेत. रक्तातली पातळी वाढली की ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी होते, तोंडात धातूची चव येते, कानात आवाज घुमतो, बोलणं अडखळतं. त्यानंतर झटके, बेशुद्धी, आणि शेवटी हृदय. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर मधल्या पायऱ्या गाळून थेट झटकेच येऊ शकतात.

आता हे टाळायला लागतं काय? चौथीतलं गणित! बाटलीवरच्या टक्क्याला दहाने गुणलं की एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे ते कळतं. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. नुसतं लिग्नोकेन किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅमपर्यंत (ब्रिटनमध्ये ३च धरतात), अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं ७ पर्यंत, बुपिव्हाकेन जेमतेम २. म्हणजे ६० किलोच्या माणसाला नुसत्या २ टक्के लिग्नोकेनची मर्यादा १३-१४ मिलिलिटर. आपल्याकडे सर्रास मिळणारी बाटली ३० मिलिलिटरची असते, म्हणजे तिच्यात ६०० मिलिग्रॅम. त्या टेबलावरच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या बाटलीत दोन माणसांचा पूर्ण डोस भरून वर उरतो. आणि आमच्याकडे फाइलमध्ये लिहितात काय? "अंडर एल.ए." बस्स. कुठलं औषध, किती टक्के, किती मिलिग्रॅम, काही नाही. अँटिबायोटिकचा डोस मिलिग्रॅममध्ये लिहिणारे हात इथेच का आखडतात, कोण जाणे.

त्यातून सगळी 'केन' एकच समजायची पद्धत. लिग्नोकेन हे स्वीडनमध्ये लोफग्रेनने १९४३ साली बनवलं, १९४८ मध्ये बाजारात आलं आणि आजही सगळ्यांचं लाडकं आहे. दोन-चार मिनिटांत काम सुरू, तास-दीड तासात उतरतं, हृदयाच्या दारांना चिकटलं तरी लवकर सुटतं. बुपिव्हाकेन चार ते आठ तास टिकतं, ऑपरेशननंतरचं दुखणं वाचवतं, म्हणून मलाही आवडतं. पण ते हृदयाला चिकटलं की लवकर सुटत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ऑलब्राइट नावाच्या भूलतज्ज्ञाने असल्या औषधांमुळे हृदय बंद पडल्याच्या घटनांकडे लक्ष वेधलं आणि मग ०.७५ टक्क्यांचं बुपिव्हाकेन बाळंतपणाच्या भुलेतून तिकडे बाद झालं. पुढे हृदयाला त्यामानाने कमी त्रास देणारं रोपिव्हाकेन आलं. कमी म्हणजे शून्य नव्हे!

एक लाडका गैरसमज इथेच सांगते. "वीस हे आणि वीस ते मिसळलं, दोन्हीचा अर्धा अर्धाच डोस झाला, आता आणखी द्यायला जागा आहे." अजिबात नाही. दोघांचं विष एकत्र मोजायचं. एकाची अर्धी मर्यादा वापरली असेल तर दुसऱ्याची अर्धीच उरते.

दुसरा गैरसमज गळवाचा. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथे औषध नसेच्या आत नीट शिरतच नाही. पेशंट ओरडतो, डॉक्टर आणखी टोचतो. बधिर काही होत नाही, पण रक्तात मात्र सगळं जमा होतं. अशा वेळी गळवापासून दूर, त्या भागाची मूळ नस बधिर करावी, नाहीतर सरळ पूर्ण भूल द्यावी. हट्ट कशाला?

आणि आता टेस्ट डोस. (एपिड्यूरलचा टेस्ट डोस वेगळा, त्याबद्दल बोलत नाहीये.) गेल्या वर्षी भाच्याला घेऊन एका दाताच्या दवाखान्यात गेले होते. वय वर्षं ४, वजन १४ किलो. मनगटाजवळ कातडीखाली थेंबभर औषध टोचलं, पेनाने गोल काढला, पंधरा मिनिटं बसवलं. "रिॲक्शन नाही, आता काळजी नाही." वजन? कोणी विचारलं नाही. किती मिलिलिटर देणार म्हटलं तर "लागेल तसं" असं उत्तर. लागेल तसं! चौदा किलोच्या मुलाला दातांच्या कामात साधारण ६० मिलिग्रॅम ही हद्द, म्हणजे २ टक्क्यांचे ३ मिलिलिटर. पाचची सिरिंज ट्रेमध्ये भरून ठेवलेली होती. मी वजन सांगितलं, आकडा सांगितला, डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली, पण दोनमध्ये काम झालं.

त्या गोलाने फार तर ॲलर्जीबद्दल काहीतरी कळतं. लिग्नोकेनच्या घराण्यातल्या औषधांची खरी ॲलर्जी अतिशय दुर्मिळ. लोक ज्याला 'रिॲक्शन' म्हणतात ती बहुतेकदा घाबरून आलेली चक्कर असते, अ‍ॅड्रिनलिनची धडधड असते, किंवा चक्क जास्त झालेला डोस असतो. आणि जास्त डोस होणार की नाही हे मनगटावरचा थेंब कसं सांगणार? या विधीने झालंय इतकंच की सगळ्यांना सुरक्षित वाटतं आणि वजनकाटा कोपऱ्यात धूळ खातो.

सुईच लागते असंही नाही. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल जाहीर इशारा दिला, कारण लेझरने पायांवरचे केस काढण्याआधी असं क्रीम थापून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुण मुली झटके येऊन बेशुद्ध पडल्या आणि गेल्या. वय २२ आणि २५. मार्च २०२४ मध्ये टॅटू वगैरेसाठी विकल्या जाणाऱ्या जादा ताकदीच्या क्रीमबद्दल पुन्हा तसाच इशारा द्यावा लागला. आपल्याकडच्या पार्लरमध्ये क्रीमच्या डबीवर टक्का लिहिलेला असतो का, ते आमच्या भाचरंडांनी यापुढे जरूर वाचावं.

"वीस वर्षं देतोय, काही झालं नाही," हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. खरंच आहे, बहुतेकदा काही होत नाही, आणि नीट दिलेली जागेपुरती भूल ही कितीतरी पेशंटना पूर्ण भुलेपेक्षा बरी. मी स्वतः रोज देते. पण ज्या दिवशी होईल त्या दिवशी तुमच्या कपाटात काय आहे? प्राणवायू, मास्क आणि अंबू बॅग, झटके थांबवणारं औषध, आणि २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं चरबीचं दुधाळ द्रावण. वाइनबर्गने १९९८ साली उंदरांवर दाखवून दिलं आणि २००६ मध्ये पहिल्यांदा माणूस त्यावर परत आल्याचं छापून आलं. आधी श्वास सांभाळायचा, मग किलोमागे दीड मिलिलिटर, म्हणजे ६० किलोला ९०, आणि पुढे ठिबक चालू. प्रोपोफॉलही पांढरंच दिसतं म्हणून तेच ढकलू नये, ते हृदयाला आणखी खाली ओढतं.

नातेवाइकांनो, तुमच्यासाठी वेगळं. टेबलावर झोपण्याआधी आपलं वजन आपणहून सांगा, यकृताचं किंवा हृदयाचं काही असेल तर तेही. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम विचारा, उत्तर द्यायला डॉक्टर बांधील आहेत. आणि मध्येच जीभ जड वाटली, कानात घुमायला लागलं, तर "डॉक्टरांना काय वाटेल" म्हणून गप्प पडून राहू नका. त्या क्षणी सिरिंज थांबवायची असते, आणि आत काय होतंय ते फक्त तुम्हालाच कळत असतं.