ऑनलाइनलाही अभ्यास केंद्र लागतं!

हल्ली आपल्या कॅम्पसमध्ये 'ऑनलाइन कोर्स' हा शब्द काढला की दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला प्रकार म्हणतो, "ते सगळं बोगस असतं हो! व्हिडिओ चालू करून झोपायचं आणि सर्टिफिकेट घ्यायचं." दुसरा म्हणतो, "आयआयटीचे सर मोबाइलवर शिकवतायत, मग वर्गात बसायचंच कशाला?" गेलं दीड वर्ष मी या दोघांच्या मधे बसून शिकते आहे. माझं मत असं झालंय की दोघंही एकच गोष्ट विसरतात. शिकवणं पडद्यावरून पोचवता येतं, पण शिकणं ज्याचं त्यालाच करावं लागतं, आणि ते चार माणसांत बसून केलं तर जास्त टिकतं.

हे कोण बोलतंय ते आधी सांगते. बी. ई. झाल्यावर अकरा वर्षं भोसरीतल्या एका कंपनीच्या डिझाइन ऑफिसात नोकरी केली. आता छत्तिसाव्या वर्षी एम. टेक. करतेय, कारण पुढे शिकवायचंय. मुलगा चौथीत, तो आजी-आजोबांकडे. मी लेडीज हॉस्टेलच्या तळमजल्यावर. फर्स्ट इयरच्या पोरी आधी मला 'मॅडम' म्हणायच्या, मग 'ताई' झाले, आणि आता मेसमध्ये भाजी संपली की "ताई, तुम्हीच बोला ना मावशींशी" इथवर प्रगती आहे!

मागच्या सेमिस्टरला मी एनपीटेलवरून फायनाइट एलिमेंटचा बारा आठवड्यांचा कोर्स केला. एनपीटेल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा उपक्रम. तो २००३ साली सुरू झाला. परीक्षा आणि सर्टिफिकेट असलेले कोर्स २०१४ पासून आले, आणि २०१७ मध्ये 'स्वयम' हे सरकारी पोर्टल आलं. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, फी फक्त परीक्षेची. बारा आठवड्यांच्या कोर्सला साधारण तीन क्रेडिट धरतात. यूजीसीने २०१६ साली एका सेमिस्टरमधले २० टक्क्यांपर्यंत विषय असे ऑनलाइन करायला परवानगी दिली आणि २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. म्हणजे हा आता हौसेचा मामला राहिलेला नाही. तुमच्या मार्कशीटचा बराच भाग इथून येऊ शकतो.

नोकरी करून परत विद्यार्थी झालेल्या माणसाला सगळ्यात जड काय जातं? कॉम्प्युटर नाही. ऑफिसात आम्ही दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असायचो. जड जातं ते घड्याळ. वर्गात बेल वाजते, सर येतात, बाक असतो. व्हिडिओला यातलं काहीच नाही. तो केव्हाही बघता येतो, म्हणूनच केव्हाच बघितला जात नाही. मी पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ ठरवली, कारण त्या वेळी हॉस्टेलचं नेट पळतं आणि सगळ्या झोपलेल्या असतात. रात्री नऊला मुलाचा फोन, त्याचा पाढा आणि गृहपाठ. त्यानंतर डोकं चालत नाही हे मान्य करून टाकलं. अर्ध्या तासाचा व्हिडिओ वही-पेन घेऊन, थांबवत थांबवत, प्रत्येक पायरी स्वतः मांडत बघितला तर सव्वा तास लागतो. दीडपट स्पीडने बघितला तर वीस मिनिटांत होतो. पण वीस मिनिटांत 'झालेला' व्हिडिओ दुसऱ्या दिवशी वहीत उतरवून बघा… मग कळतं काय झालं ते!

दुसरी अडचण जास्त मोठी. बाविसाव्या मिनिटाला गाडी अडली की विचारायचं कुणाला? वर्गात सर आपला चेहरा बघून ओळखतात आणि म्हणतात, "थांबा, परत सांगतो." व्हिडिओतले सर कितीही उत्तम असले तरी त्यांना आपला चेहरा दिसत नाही. पोर्टलवर प्रश्न विचारायची सोय आहे, उत्तरही येतं, पण येईपर्यंत आपण दुसऱ्याच धड्यावर गेलेलो असतो. मी गॉस क्वाड्रेचरपाशी अशीच अडकले होते. ते मला वरच्या मजल्यावरच्या थर्ड इयरच्या दोघींनी मेसच्या टेबलावर, बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर समजावलं. गणित त्यांचं ताजं होतं.

पुढच्याच आठवड्यात उलटं झालं. एका ब्रॅकेटच्या आतल्या टोकदार कोपऱ्यात मेश बारीक करत गेलं की स्ट्रेस वाढतच जातो, थांबतच नाही. पोरी घाबरल्या, "ताई, हे तुटणार!" तिथे माझी अकरा वर्षं कामाला आली. मी सांगितलं की असा सुईसारखा टोकदार कोपरा ओतकामात कधी नसतोच, तिथे फिलेट असतं. ते तुमच्या मॉडेलमध्ये काढलेलं नाही, म्हणून आकडा वाढतोय. आधी फिलेट काढा, मग स्ट्रेस वाचा. हेच वाक्य व्हिडिओतही होतं. पण त्यांच्या कानावर ते पडलं ते टेबलावर. प्रौढ शिकणाऱ्यांवर लिहिणारे माल्कम नोल्स नावाचे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होते. मोठी माणसं आपल्या अनुभवाच्या खुंटीला नवीन गोष्ट अडकवतात, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. मी त्यात एवढीच भर घालेन की ज्यांच्याकडे अजून खुंटी नाही त्यांना शेजारणीची वापरता येते. अट एकच, शेजारणी एका टेबलावर बसायला हव्यात.

ही काही नवीन कल्पना नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. नोकरी करणारे, घर सांभाळणाऱ्या बायका, शेतातून येणारे, असे किती जण तिथून शिकले. तिथे पुस्तकं घरी मिळायची, पण विद्यापीठ तेवढ्यावर थांबलं नाही. गावोगावच्या कॉलेजांत अभ्यास केंद्रं उघडली, संपर्क सत्रं ठेवली, आणि तिथे शंका सोडवणाऱ्या शिक्षकाला 'समंत्रक' असं छान नाव दिलं. नुसतं पुस्तक घरी पोचवून माणूस शिकत नाही, हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. आपण मात्र पुस्तकाच्या जागी व्हिडिओ आला म्हटल्यावर केंद्र आणि समंत्रक दोन्ही गाळून टाकले. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर दुसरा इलाजच नव्हता. आज इथे असलेल्या अनेकांनी तेव्हा शाळेचे महिनेच्या महिने मोबाइलवर काढले. त्यांना ऑनलाइन म्हटलं की कॅमेरा बंद करून गादीवर पडणं आठवतं, यात त्यांचा दोष नाही.

आता थोडं कडू बोलते. बहुतेक असाइनमेंटची शेवटची वेळ बुधवारी रात्री असते. बुधवारी साडेअकराला आपल्या हॉस्टेलवर काय चालतं ते वॉर्डन मॅडम सोडून सगळ्यांना माहीत आहे! ग्रुपवर उत्तरं येतात, १-ब, २-ड, ३-अ, आणि पाच मिनिटांत सगळ्या मोकळ्या. हिशोब बघा. असाइनमेंटचे २५ मार्क, त्यात बारापैकी सर्वोत्तम आठ धरतात. केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. म्हणजे उत्तरं उतरवून २५ आणि परीक्षेत कसेबसे ३० पडले तरी ५५ होतात. स्वतः डोकं खाऊन १५ आणि परीक्षेत ४० मिळवणारीचेही ५५ च. कागद दोघींना सारखाच. फरक कळतो तो इंटरव्ह्यूत, नाहीतर कामावर. मी डिझाइन ऑफिसात नव्या मुलांचे इंटरव्ह्यू घेतले आहेत. कागदावर सात कोर्स आणि "फिलेट का देतात?" या प्रश्नाला शांतता, असं पुष्कळदा बघितलंय. त्या मुलाला नाकारताना वाईट वाटायचं, कारण त्याला कुणी कधी टेबलावर बसवलंच नव्हतं.

म्हणून मला वाटतं, उपदेशापेक्षा व्यवस्था बदलावी. फार काही लागत नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा मेसचा हॉल मोकळाच असतो. सात ते नऊ तिथे एकेका कोर्सचं एकेक टेबल लावू. ग्रुपवर उत्तर टाकायचं नाही, रीत टाकायची, एवढा नियम पोरींनी स्वतःच करावा. एनपीटेलचे व्हिडिओ उतरवून घेता येतात, ते कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवले तर बुधवारचं रडगाणं थांबेल. आणि लायब्ररी रात्री उशिरापर्यंत उघडी असली तरी लेडीज हॉस्टेलचं गेट त्याच्या कितीतरी आधी बंद होतं, यावरही जरा विचार व्हावा. पहाटे पाचला उठणं सगळ्यांना जमणार नाही.

स्टाफला एक नम्र विनंती. प्रत्येक कोर्सला आपल्याकडे मेंटॉर नेमलेला असतो, नोटीस बोर्डावर नाव असतं. पंधरा दिवसांतून एकदा तरी त्यांनी टेबलावर यावं. आणि प्रशासनाने तो तास त्यांच्या वर्कलोडमध्ये धरावा, फुकट राबवू नये. किती जणांनी सर्टिफिकेट मिळवलं हा आकडा अहवालात छापतो, त्याच्या शेजारी किती टेबलं भरली हाही छापू.

उद्या मी शिकवायला उभी राहीन. नव्या शिक्षकांसाठी एआयसीटीईने आठ मोड्यूलचं प्रशिक्षण ठेवलंय, तेही स्वयमवरच, म्हणजे शिक्षक व्हायलाही आधी ऑनलाइन विद्यार्थी व्हावंच लागतं. मला तर ते बरंच वाटतं. बाविसाव्या मिनिटाला एकटं अडकणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय तो वर्गात आल्यावर फळ्याआधी चेहरे बघेल. व्हिडिओत जे उत्तम सांगितलंय ते मी फळ्यावर पुन्हा उतरवून तास घालवणार नाही. माझा तास शंकांसाठी ठेवीन.

तोवर, मंडळी, येत्या रविवारी सात वाजता मेसच्या हॉलमध्ये फायनाइट एलिमेंटचं टेबल मी लावतेय. वही-पेन आणा. चहा माझ्याकडून!

— एम. टेक. (मेकॅनिकल), द्वितीय वर्ष, लेडीज हॉस्टेल