विश्लेषण: कार्डं फक्त ९९, पण स्वाक्षऱ्या हजारावर! हॉकी रुकी कार्डांच्या दुर्मीळपणाचं गणित काय?

६ एप्रिल २०२५ रोजी वॉशिंग्टन कॅपिटल्सचा कर्णधार अलेक्झांडर ओव्हेच्किनने न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध कारकिर्दीतला ८९५ वा गोल केला आणि वेन ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. ही हॉकी म्हणजे आपल्या ओळखीची मैदानी हॉकी नव्हे, तर उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये खेळली जाणारी आइस हॉकी. या विक्रमामुळे ओव्हेच्किनच्या पहिल्या हंगामातली स्वाक्षरी असलेली कार्डंही पुन्हा चर्चेत आली. त्यातल्या सर्वात प्रतिष्ठेच्या कार्डाच्या प्रती फक्त ९९ आहेत. पण म्हणून त्याच्या पहिल्या हंगामातल्या स्वाक्षरीच्या कार्डांची संख्याही ९९ आहे का? अजिबात नाही. हौशी ग्राहकाची फसगत इथेच होते.

रुकी कार्ड म्हणजे काय?

रुकी म्हणजे लीगमध्ये नवखा खेळाडू. त्याच्या पहिल्या हंगामात कंपनीने काढलेलं अधिकृत कार्ड म्हणजे रुकी कार्ड. खेळाडू पुढे कितीही वर्षं खेळला आणि दरवर्षी त्याची कितीही कार्डं आली, तरी पदार्पणाचं वर्ष एकदाच येतं. म्हणून संग्राहकांचा सगळा जीव या कार्डांत असतो.

ग्रेट्झ्कीचं १९७९-८० सालचं ओ-पी-ची कंपनीचं कार्ड मे २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरना विकलं गेलं. तेव्हाच्या दराने ही रक्कम २७ कोटी रुपयांहून अधिक होते. या कार्डावर ना स्वाक्षरी आहे, ना अनुक्रमांक. मूळ छपाई किती झाली, हे त्यावर कुठेही लिहिलेलं नाही. कार्डांची कापणी ओबडधोबड असे, मुलं ती हाताळत, खिशात कोंबत. त्यामुळे पीएसए या तपासणी संस्थेने १० पैकी १० गुण दिलेल्या त्याच्या दोनच प्रती आहेत. म्हणजे हा दुर्मीळपणा छापखान्यात ठरला नव्हता, तो काळाच्या ओघात आपोआप तयार झाला. आजच्या कार्डांचा दुर्मीळपणा मात्र छपाईआधीच ठरवला जातो.

आकडा आणि स्वाक्षरी कुठून आली?

१९९० च्या आसपास कंपन्यांनी कार्डं अक्षरशः ढिगाने छापली. त्या काळात पदार्पण केलेला यारोमिर यागर पुढे एनएचएलच्या इतिहासात ग्रेट्झ्कीनंतर सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला. तरीही त्याची १९९०-९१ ची साधी रुकी कार्डं आजही किरकोळ किमतीत मिळतात. खेळाडू थोर, पण कार्डं भरमसाठ.

पाकिटात खास काहीतरी दडवण्याची कल्पनाही त्याच सुमाराची. १९९० मध्ये अप्पर डेक कंपनीने रेगी जॅक्सन या बेसबॉलपटूने सही केलेली आणि क्रमांक टाकलेली २,५०० कार्डं पाकिटांत मिसळली. सही खेळाडूचीच असल्याची हमी कंपनीची आणि एकूण संख्या आधीच जाहीर. हेच सूत्र पुढे हॉकीतही रुळलं. एनएचएलच्या अधिकृत कार्डांचा परवाना गेली अनेक वर्षं एकट्या अप्पर डेककडे आहे. त्यामुळे कोणाचं कार्ड किती छापायचं, हेही तीच कंपनी ठरवते.

९९ चा अर्थ काय?

कार्डावर '१२/९९' असं छापलेलं असेल, तर त्या प्रकारच्या ९९ प्रतींपैकी ही बारावी. २००४-०५ चा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात पूर्ण रद्द झाला. त्यामुळे २००४ चा पहिला निवडलेला ओव्हेच्किन आणि २००५ चा पहिला निवडलेला सिडनी क्रॉस्बी या दोघांनी एकाच दिवशी, ५ ऑक्टोबर २००५ रोजी पदार्पण केलं. त्या हंगामात अप्पर डेकने 'द कप' हा महागडा संच आणला. त्यातल्या कार्डांवर जर्सीचा तुकडा आणि खेळाडूची स्वाक्षरी होती. क्रॉस्बी आणि ओव्हेच्किनच्या प्रती ९९ ठेवल्या गेल्या. दहा वर्षांनी कॉनर मॅकडेव्हिडच्या बाबतीतही तेच झालं.

गंमत अशी, की याच संचात कमी नावाजलेल्या नवख्यांची कार्डं जास्त छापली जातात. एरवी बाजारात मागणी असेल त्या मालाचं उत्पादन वाढवतात. इथे ज्याला मागणी जास्त, त्याच्याच प्रती कमी. कारण कंपनी कागद विकत नसते, तो न मिळण्याची शक्यता विकत असते.

संग्राहक तर या ९९ मध्येही प्रतवारी लावतात. क्रॉस्बीच्या जर्सीचा क्रमांक ८७. म्हणून '८७/९९' या प्रतीला बाकीच्यांपेक्षा जास्त भाव. छपाई तीच, शाई तीच, फरक फक्त योगायोगाचा.

मग एकूण स्वाक्षऱ्या किती?

कार्डावरचा आकडा फक्त त्या एका प्रकारापुरता खरा असतो. क्रॉस्बीचंच उदाहरण घेऊ. त्याच हंगामातल्या 'एसपी ऑथेंटिक' संचात त्याचं स्वाक्षरी असलेलं 'फ्यूचर वॉच' कार्ड आहे आणि त्याच्या प्रती ९९९ आहेत. म्हणजे दोनच संच धरले, तरी बेरीज १,०९८ होते. याशिवाय कंपनी त्याच खेळाडूची कार्डं इतर संचांतही काढते.

शिवाय 'पॅरलल' असतात. चित्र तेच, पण सोनेरी किंवा वेगळ्या रंगाची चौकट आणि त्यांचा वेगळा, छोटा आकडा. छपाईच्या निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या रंगांच्या धातूच्या प्लेट्सही '१/१', म्हणजे एकमेव म्हणून पाकिटात टाकल्या जातात. अशा चार 'एकमेव' वस्तू एकाच कार्डातून तयार होतात! प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे खरा असतो, पण सगळ्यांची बेरीज कुठल्याही कार्डावर छापलेली नसते.

उलट उदाहरण आहे 'यंग गन्स' या लोकप्रिय रुकी कार्डांचं. साध्या यंग गन्सवर ना स्वाक्षरी असते, ना क्रमांक. त्यांची एकूण छपाई कंपनी सहसा जाहीर करत नाही. ढोबळमानाने चार पाकिटांमागे एक कार्ड निघतं. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये पदार्पण केलेल्या कॉनर बेडार्डच्या यंग गन्ससाठी झुंबड उडाली. म्हणजे आकडा नसतानाही मागणी असू शकते.

कमी प्रती म्हणजे जास्त किंमत?

तसं नाही. नेल याकुपोव्ह २०१२ मध्ये सर्वात आधी निवडला गेला होता. त्याच्याकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या. पण २०१७-१८ नंतर तो एनएचएलमध्ये दिसला नाही. त्याची क्रमांकित, स्वाक्षरीची कार्डं तेव्हा जेवढी दुर्मीळ होती, तेवढीच आजही आहेत. एकही प्रत वाढलेली नाही. ओसरली ती मागणी.

यागर आणि याकुपोव्ह शेजारी ठेवले, की हा बाजार कळतो. एकाकडे कर्तृत्व आहे, पण दुर्मीळपणा नाही. दुसऱ्याकडे दुर्मीळपणा आहे, पण कर्तृत्व नाही. भाव टिकायला दोन्ही लागतं. त्यातला दुर्मीळपणा कंपनी पहिल्याच वर्षी ठरवून मोकळी होते. कर्तृत्व ठरायला वीस वर्षं लागतात आणि ती जोखीम ग्राहकाच्या माथी असते.

व्हिडिओत दिसतं ते खरं किती?

'द कप'चा एक डबा शेकडो डॉलरचा आणि त्यात कार्डं मोजून पाच-सहा. म्हणून समाजमाध्यमांवर 'ब्रेक'ची पद्धत रुजली आहे. विक्रेता थेट प्रक्षेपणात डबे फोडतो, लोक आधीच एकेका संघाचे पैसे भरतात आणि त्या संघाचं कार्ड निघालं तर ते त्यांचं. रील व्हायरल होते ती मोठं कार्ड निघाल्याची. रिकाम्या हाताने परतलेल्यांची रील कोणी बनवत नाही. नाव छंदाचं असलं, तरी हा बराचसा लॉटरीचा खेळ आहे.

किंमत आणखी कशावर ठरते?

स्वाक्षरी थेट कार्डावर आहे की पारदर्शक स्टिकरवर, हे पाहिलं जातं. खेळाडू स्टिकरच्या कागदावर सह्या करून देतो आणि कंपनी ते नंतर चिकटवते. थेट सहीला मान जास्त. कधी पाकिटात कार्डाऐवजी 'रिडेम्प्शन' म्हणजे नंतर कार्ड मिळण्याची चिठ्ठी निघते. तिला मुदत असते. जर्सीचा तुकडा सामन्यात घातलेल्या जर्सीचा की फक्त फोटो काढण्यापुरत्या घातलेल्या, हे मागच्या बाजूचा मजकूर वाचल्यावर कळतं. कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांवरून दिले जाणारे गुणही भाव वर-खाली करतात.

'फक्त ९९' अशी जाहिरात दिसली, की तीन प्रश्न विचारायला हवेत: ९९ कशाच्या? त्याच खेळाडूच्या त्याच वर्षाच्या स्वाक्षऱ्या बाकीच्या संचांत मिळून किती? आणि आणखी वीस वर्षांनी हे नाव कोणाच्या लक्षात असेल? पहिल्याचं उत्तर कार्डावर असतं, दुसऱ्याचं संचांच्या याद्या चाळून बऱ्याच अंशी मिळतं. तिसऱ्याचं उत्तर कंपनीकडेही नसतं, आणि कार्डाची किंमत सर्वात जास्त त्यावरच अवलंबून असते.