शाल-श्रीफळाचा हिशेब

आपण इंदूरकर कौतुकात कमी नाही. लताबाई १९२९ साली इथे जन्मल्या, कुमारजी १९४८ साली देवासला आले, हे पाहुण्यांना न विचारता सांगतो. पण आज आपल्या गल्लीत कोण गातंय?

परवा नातवाने यूट्यूबवर एक माळवी भजन ऐकवलं. सुरेख आवाज. नीट पाहिलं, तर आमच्याच मागच्या गल्लीतली मुलगी! ओशाळलोच. मंडळाचा खजिनदार असताना गणेशोत्सवात मीच तिची शाल-श्रीफळावर बोळवण केली होती. मुंबईच्या ऑर्केस्ट्राला मात्र आगाऊ चेक.

बँकेत आयुष्य गेलं, म्हणून हिशेब सांगतो. यूट्यूबवर जाहिरातीचा पैसा सुरू व्हायला साधारण १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास ऐकलं जावं लागतं. नुसतं ‘वा!’ लिहिलेलं खात्यात जमा होत नाही. तेव्हा सबस्क्राइब करा, पूर्ण ऐका, आणि घरी गायला बोलावलंत तर पाकीट द्या, तेही न मागता.

मी जुनं देणं परवाच चुकतं केलं. ती म्हणाली, “आजोबा, आता तबलजींनाही देता येईल.”