गाडी बंद पडली तर नवस नको, कारण शोधा



आमचा भाचा नोकरीनिमित्त कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात असतो. गेल्या जानेवारीत एका सोमवारी सकाळी, मी कामावर निघण्याच्या घाईत असताना त्याचा फोन आला. तिकडे रविवारची रात्र होती. आवाज दमलेला, पण खुशीतला. म्हणाला, "मामा, आज बाबांची जुनी स्कूटर कामाला आली!" मी चक्रावलो. ती स्कूटर भंगारात जाऊन कितीतरी वर्षे झाली. मग त्याने सगळी हकिगत सांगितली. ती आपल्या तरुण मुलामुलींच्या कानावर घालावी म्हणून हा लेख.

मॉन्ट्रियल हे क्यूबेक प्रांतातले शहर. हिवाळ्यात तिथे नद्या-तळी गोठतात, पण म्हणून लोक घरात कुढत बसत नाहीत. कोणी पायाला स्की बांधून रानवाटा तुडवतात, कोणी जाळीदार रुंद बर्फबूट घालून चालतात. हे बर्फबूट आणि सामान ओढायची टोबोगन घसरगाडी, या दोन्ही गोष्टी तिथल्या मूळ आदिवासींच्या. गोरा माणूस तिथे पोहोचला तो त्यांच्याकडूनच बर्फात चालायला शिकला. ज्ञान कोणा एका वर्णाच्या मालकीचे नसते, हे आपण नेहमी म्हणतो. त्याचा हा आणखी एक दाखला.

आणि तिसरी मजा म्हणजे स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, वर स्कूटरसारखी सीट आणि हँडल. क्यूबेकमध्ये या गाड्यांसाठी खुणा लावलेल्या तीस हजार किलोमीटरहून अधिक वाटा आहेत. गावोगावच्या क्लबांचे स्वयंसेवक त्या राखतात. दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली सूचिपर्णी झाडे, मधून पांढरी वाट. भाचा म्हणतो, गाडी थांबवून इंजिन बंद केले की जी शांतता पसरते, ती एकदा तरी अनुभवावी.

त्या रविवारी मात्र हीच शांतता त्याच्या अंगावर आली. तो आणि तिथला एक मित्र, दोघे मित्राच्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीवर रानात गेले होते. एकच गाडी नेली, ही पहिली चूक. थर्मासमधला चहा पिऊन निघू लागले तर गाडी सुरू होईना. मित्राने चोक पूर्ण ओढला आणि दोरीला हिसक्यावर हिसके दिले. वीस झाले, पंचवीस झाले, इंजिन ढिम्म. दुपारचे साडेतीन वाजलेले. तिथे जानेवारीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. थंडी शून्याखाली वीस अंश, मोबाइलला रेंज नाही, सर्वांत जवळचे घर दहा-बारा किलोमीटरवर. अशा थंडीत रात्र उघड्यावर काढणे म्हणजे जिवाशी खेळ.

भाचा म्हणाला, "थांब. दोरी ओढू नकोस. आधी पाहू."

लहानपणी रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात तो वडिलांच्या स्कूटरचा प्लग साफ करीत असे. तीच पद्धत इथे लावली. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. हँडलवरचे बंद करायचे लाल बटण पाहिले, ठीक होते. चालकाच्या अंगाला अडकवायच्या सुरक्षा-दोरीची टोपी जागेवर होती. टाकीत पेट्रोल होते. मग प्लग काढले. दोन्ही पेट्रोलने ओलेचिंब! कारण सापडले. इंजिन अजून गरम होते, त्याला चोकची गरजच नव्हती. प्रत्येक हिसक्याबरोबर आत जास्तीचे पेट्रोल जात होते. म्हणजे सुटकेसाठी केलेली धडपडच गाडीला बुडवत होती.

मग लाल बटण बंद ठेवून, प्लग बाहेर असतानाच, दोरी सात-आठ वेळा ओढून आतले पेट्रोल बाहेर काढले. डब्यातले कोरडे प्लग बसवले. चोक न लावता, बटण चालू करून दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला इंजिन बोलले.

तरीही गाडी हलेना! इंजिन चालू, पण मागचा पट्टा खालच्या बर्फाला गोठून चिकटला होता. इंजिन बंद करून दोघांनी गाडीचा मागचा भाग उचलून आपटला, तेव्हा पट्टा सुटला. अंधार पडता पडता दोघे गावात पोहोचले.

वाचकहो, ही गाडी जन्माला आली तीसुद्धा एका दुःखातून. जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिए हा क्यूबेकमधील वालकूर गावचा मेकॅनिक. जन्म १९०७ चा. वडिलांना वाटे मुलाने धर्मगुरू व्हावे, पण त्याचा जीव यंत्रात. पंधराव्या वर्षीच त्याने मोटारीचे इंजिन लावून बर्फावर चालणारी घसरगाडी बनवली होती. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद. इस्पितळ गाठता आले नाही आणि लेकरू गेले.

लेकराचे जाणे म्हणजे काय, हे बाबासाहेब आणि रमाईंच्या लेकरांना सांगायला नको. राजरत्नाच्या मृत्यूने बाबासाहेब किती खचले होते, हे आपण जाणतो. पण ते दुःख कवटाळून बसले नाहीत. बॉम्बार्डिएही बसला नाही. दातेरी चाक आणि पट्टा यांच्या जोडणीचे पेटंट त्याला १९३७ साली मिळाले आणि सात माणसांची बर्फगाडी बाजारात आली. त्याच्या बर्फगाड्यांतून पुढे रुग्ण गेले, शाळेची मुले गेली, टपाल गेले. १९५९ साली एक-दोघांसाठीची हलकी 'स्की-डू' निघाली आणि गरजेची गाडी मौजेचीही झाली. बॉम्बार्डिए १९६४ साली वारला.

आता आपल्यापैकी ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी हे चार शब्द जरूर कळवावेत. एकट्या गाडीने जाऊ नये, आणि कुठे चाललो, कधी परतणार हे कुणाला तरी सांगून जावे. जादा प्लग, जादा ड्राइव्ह बेल्ट, काडेपेटी, टॉर्च आणि कोरडे लोकरी कपडे जवळ असावेत. सुती कपडे ओले झाले की ऊब जाते. इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही, असे झाले तर बेल्ट तुटला का ते पाहावे. गंमत म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांना पट्ट्याने उडवलेला भुसभुशीत बर्फच थंडावा देतो. नुसत्या कडक बर्फावर त्या तापतात. गोठलेल्या तळ्यावर घट्ट, स्वच्छ बर्फ माणसासाठी निदान ४ इंच आणि गाडीसाठी ५ ते ७ इंच हवा. शंका असेल तर काठानेच जावे. आणि दारू नकोच. दारूने ऊब आल्यासारखे वाटते, पण शरीराची उष्णता उलट लवकर जाते. पंचशीलातले पाचवे शील बर्फातही तितकेच खरे.

दसऱ्याला गाडीला हळद-कुंकू लावून, नारळ फोडून कोणतेही इंजिन चालत नाही. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर करता येते, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. माझ्या भाच्याने ते त्या संध्याकाळी हातात पाना घेऊन केले. म्हणून म्हणतो, येत्या रविवारी घरातली सायकल, स्कूटर, मिक्सर काहीही बिघडले तर मुलांना हाकलू नका. शेजारी बसवा. मुलींनाही बसवा. हात काळे होऊ द्या. त्या काळ्या हातांनीच एखाद दिवशी कुणाचा जीव वाचेल.

जय भीम! नमो बुद्धाय!