उनकेश्वरचे झरे आणि विजेचा हिशेब

हिमायतनगरहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे सहस्रकुंडावरून किनवट तालुक्यात शिरते. याच तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. तेथील गंधकयुक्त उष्ण झऱ्यांत स्नान केल्याने त्वचारोग बरे होतात, या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या लोक तेथे येत आले आहेत. आता अशा झऱ्यांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे. भूगर्भातील उष्णतेपासून ऊर्जा मिळविण्याचे राष्ट्रीय धोरण केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. देशाची ही क्षमता सुमारे १०,६०० मेगावॉट असल्याचा अंदाज आहे. गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणातील मणुगुरू येथे, सिंगरेणी कंपनीने २० किलोवॉटचे प्रायोगिक केंद्रही उभारले आहे.

ही ऊर्जा निर्धूर आहे, असे सांगितले जाते. ते अर्धसत्य होय. खोल भूगर्भातील पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पाणी वर येऊन दाब कमी होताच तो सुटतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार अशा विजेच्या एका युनिटमागे सरासरी १२२ ग्रॅम वायू बाहेर पडत होता. कोळशाच्या विजेशी तुलना करता हे प्रमाण अत्यल्प आहे. परंतु पश्चिम तुर्कस्तानात, जेथे उष्ण पाणी चुनखडक व संगमरवर यांतून येते, तेथील काही केंद्रांनी कोळशाचीही बरोबरी केली. पैनगंगेच्या खोऱ्यातही चुनखडकाचे विस्तीर्ण थर आहेत, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. हा वायू जमिनीतून निसर्गतःच बाहेर पडत असतो. केंद्रामुळे त्याची केवळ वाट बदलते. १९०४ साली भूगर्भातील वाफेवर प्रथम वीज निर्माण करणाऱ्या इटलीने हीच भूमिका घेतली. तीत तथ्य नाही असे नव्हे. पण विंधन घेण्यापूर्वी जमिनीतून किती वायू निघत होता, हे मोजलेलेच नसेल, तर हा दावा पडताळून पाहायचा कसा?

उपाय आहेत. उष्ण पाणी बंद नळ्यांतून खेळवून, त्याची उष्णता दुसऱ्या द्रवास देऊन, ते वायूसह पुन्हा भूगर्भात सोडता येते. आइसलँडमध्ये २०१२ पासून हा वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये मुरविण्यात आला. त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांत दगड झाल्याचे २०१६ मध्ये सिद्ध झाले. दख्खनचे पठारही बेसॉल्टचेच आहे. मात्र एक टन वायूसाठी सुमारे २५ टन पाणी लागते, याचा मराठवाड्यास विसर पडता कामा नये.

तेव्हा विंधनयंत्र येण्यापूर्वी वायुमापक यंत्र आले पाहिजे. झऱ्याच्या परिसरातील नैसर्गिक उत्सर्जनाची निदान वर्षभराची नोंद जाहीर झाल्याशिवाय परवाना देऊ नये, हा दंडक धोरणात असणे अगत्याचे आहे. निसर्गाच्या नावावर माणसाचा धूर खपविला जाऊ नये, एवढी दक्षता तरी शासनाने घ्यावयास हवी.